वजाबाकीत पहिलं आलेलं घर

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतलं सर्वांत पर्यावरणस्नेही घर मी पाहिलं आहे. त्याला कुलूप होतं.

हे मी गमतीने म्हणत नाही. त्या घराला मानचिन्ह मिळालं, शाल मिळाली, पहिलं बक्षीस मिळालं आणि निकालपत्राखाली परीक्षक म्हणून माझी सही आहे. सही सुवाच्य आहे. माझ्या हातून गबाळं काम होत नाही. चुकीचं होतं, पण नीटनेटकं होतं.

आधी माझं काम काय ते सांगते. तलासरीच्या बाजूला एका प्लास्टिकच्या कारखान्यात मी अठरा वर्षं मेंटेनन्सला होते. वीज कुठे वाया जाते ते शोधायचं आणि त्याची यादी करायची, हे माझं काम. कारखाना बंद झाला तेव्हा माझ्याकडे यादी करण्याची सवय उरली आणि ती जाण्याची चिन्हं नव्हती. म्हणून तेच काम मी घरांसाठी सुरू केलं. सामान फार लागत नाही. एक थर्मामीटर, एक मोजपट्टी, प्लगमध्ये लावून युनिटं मोजायचं छोटं यंत्र आणि दोनशे पानी वही. प्रत्येक घराला दोन पानं. डावीकडे घर कसं आहे ते, उजवीकडे काय करायला हवं ते.

उजवं पान बहुतेक घरांत सारखंच निघतं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी ते खोलीत ओकतो. खालचा पंखा तीच गरम हवा तुमच्या अंगावर ढकलतो. म्हणून गच्चीला पांढरा चुना लावा. पश्चिमेच्या भिंतीवर सावली पडेल असं काही करा, वेल सोडा, छज्जा काढा. समुद्राचा वारा येतो त्या बाजूची खिडकी कपाट लावून बुजवू नका. फ्रिज भिंतीला टेकवू नका, त्यालाही पाठीमागे श्वास घ्यायचा असतो. फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढा. सहज निघाला तर रबर बदला.

एवढं ऐकून गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. चुना, वेल, कागद! लोकांना रिमोट असलेला उपाय हवा असतो. "बाकी काही आधुनिक नाही का, मॅडम?" असं एका बँकेतल्या साहेबांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, "आहे. खिडकी उघडा." त्यांनी पुन्हा बोलावलं नाही.

माझं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक म्हणजे सावे सर. निवृत्त गणित शिक्षक. गावात चिकूची छोटी वाडी, डहाणूत स्वतःचं घर, गच्चीवर सोलरच्या सहा काचा. बसवून दोन वर्षं झाली आणि अचानक वीज निम्मी येऊ लागली. सरांनी फोनवर सांगितलं, "ताई, सूर्य कमी झालाय की आम्ही फसलोय?"

मी गच्चीवर गेले. सहापैकी तीन काचांवर जुनी सुती साडी ताणून बांधली होती आणि साडीवर चिकूच्या फोडी ओळीने मांडल्या होत्या.

"हे काय आहे, वहिनी?"

सावेवहिनी म्हणाल्या, "चिकू. मुंबईला लेकीकडे पाठवायचेत. खाटेवर चार दिवस लागतात, इथे दोन दिवसांत वाळतात. काच किती तापते बघा ना! यांनी एवढा खर्च केलाय तर उपयोग नको का करायला?"

सर शेजारी उभे होते. त्यांना हे ठाऊक होतं, फोडीही तेच कापून देत होते. मी म्हटलं, "सर, काचेवर ऊन पडलं तर वीज होते. तुम्ही काचेला साडी नेसवलीत."

"हो, पण ऊन तर साडीवरही पडतंच आहे," सर म्हणाले. गणित शिकवलेला माणूस. मी वहीत लिहिलं : साडी काढणे.

तर असं माझं काम. त्यात गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी जयेशभाई आले.

जयेशभाईंचं स्टेशनजवळ इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. ते एका व्यापारी मंडळाचे अध्यक्षही आहेत. मंडळ दर वर्षी काहीतरी भरवतं. गेल्या वर्षी त्यांनी 'हरित घर स्पर्धा' ठरवली. बॅनरच्या वरच्या अर्ध्यात 'वीज वाचवा, वसुंधरा वाचवा' असं होतं आणि खालच्या अर्ध्यात जयेशभाईंच्या दुकानातला एसीचा सेल. पहिलं बक्षीस मात्र खरोखर चांगलं होतं : सोलरचा पूर्ण संच. काच, बॅटरी, इन्व्हर्टर, दोन पंखे, चार दिवे. परीक्षक मी.

मी नियमांची यादी करून नेली. सत्तावीस मुद्दे. घराची दिशा, छप्पर, भिंती, पाणी, चूल, सगळं. जयेशभाईंनी यादी हातात घेतली, उलटी करून पाहिली, परत दिली.

"बेन, एवढं कोण वाचणार? मार्क आले की भांडण आलं. हा बोलेल त्याला सात दिले, मला सहा का? एकदम सिम्पल राखा. पहिल्या महिन्याचं बिल, दुसऱ्या महिन्याचं बिल, वजाबाकी. ज्याची टक्केवारी जास्त तो पहिला. बस."

मला ते पटलं. हे कबूल करायला हवं, कारण पुढे जे झालं ते जयेशभाईंवर ढकलणं सोपं आहे. मला ते नुसतं पटलं नाही, आवडलं. वजाबाकीत भांडण नसतं असं मला वाटलं. मी घरी जाऊन सत्तावीस मुद्द्यांवर रेघ मारली आणि एका पानाचे नियम लिहून काढले : मे महिन्याचा वापर मूळ धरला जाईल, जूनचा वापर त्यातून वजा होईल. पान सुबक दिसत होतं.

एकेचाळीस अर्ज आले. चाळीस डहाणूतले आणि किनाऱ्यावरचे. एक आतल्या, तलासरी तालुक्यातल्या झरीचा.

झरीचा अर्ज जमनाबाईंचा. झरीच्या एका पाड्यावर त्या राहतात, पायाने चालवायच्या मशीनवर शिवणकाम करतात. वय पंचेचाळीसच्या आसपास. जवळच्या एका शाळेच्या गणवेशाचं काम त्यांना मिळालं होतं, एकशे दहा जोड, पंधरा ऑगस्टच्या आधी द्यायचे. आमच्याकडे गणवेश शाळा उघडताना नाही, झेंडावंदनाला लागतो. अडचण अशी की त्यांचा उजवा पाय वर्षभर सुजत होता. मशीनला मोटर लावली असती तर काम झालं असतं. मोटर त्यांनी आणलीही होती, पण पाड्यावर विजेचा दाब इतका कमी, की मोटर नुसती गुरगुरायची आणि सुई जागची हलायची नाही. मी स्वतः जाऊन पाहिलं. दाब वाढवून मिळावा म्हणून त्यांच्या नावाने अर्ज केला. त्याची पोच माझ्या वहीत चिकटवलेली आहे. दाब आहे तिथेच आहे. बॅटरीचा संच मिळाला असता तर ती मोटर फिरली असती.

मी म्हटलं होतं, "चार लोकांना सांगून संचाची काही सोय करू का?"

"नको ताई, मागून नको. स्पर्धा हाय ना? माझ्या घरात वीज जळतेच कुठे? मीच जिंकेन."

मलाही तेच वाटलं. त्यांच्या घराची दोन पानं मी मे महिन्यातच भरली होती. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर कौलं, कौलांखाली वारा जायला मोकळी जागा. शेजारीच योजनेतून मिळालेलं पक्कं घर, सिमेंटचं, स्लॅबचं. पक्क्या घरात भाताची पोती आणि शेळ्या, कच्च्या घरात माणसं. दुपारी दोन वाजता मी दोन्हीकडे थर्मामीटर लावला. सहा अंशांचा फरक. शेळ्यांनी थर्मामीटर न लावताच निर्णय घेतला होता. त्या बाहेर पडून कुडाच्या सावलीला येऊन बसल्या होत्या.

उजवं पान, काय करायला हवं त्याचं, मी कोरं ठेवलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं कोरं उजवं पान. डाव्या पानावर 'ऊर्जेचा स्रोत' असा एक रकाना असतो, तिथे नावापुरत्या विजेपलीकडे काही लिहिण्यासारखं दिसेना, म्हणून 'नाही' असं लिहिलं.

इकडे डहाणूत मे महिना सुरू झाला आणि नियमांचं पान लोकांनी माझ्यापेक्षा नीट वाचलं.

मला पहिली शंका सावे सरांकडे आली. चिकूची साडी निघाली की नाही हे पाहायला गेले तर हॉलमध्ये एसी चालू, सगळ्या खिडक्या सताड उघड्या, भर दुपारी ट्यूबलाइट लावलेली आणि वहिनी अंगावर शाल घेऊन चादरींना इस्त्री करत होत्या. इस्त्री केलेल्या चादरींचा ढीग त्यांच्या कमरेइतका होता.

"सर, खिडक्या?"

"हवा खेळती हवी, ताई."

"आणि चादरींना इस्त्री कोण करतं?"

सर शिक्षकाच्या आवाजात म्हणाले, "हे पाहा. वजाबाकीत मोठी संख्या वरच्या ओळीत लिहायची असते. वरची ओळ मोठी केल्याशिवाय बाकी मोठी कशी येणार? नियम तुमचाच आहे."

वहिनी म्हणाल्या, "एक महिना उधळायचं म्हणतात, मग जूनमध्ये वाचवू. शेजारच्या राऊतांनी तर दोन्ही गिझर चालू ठेवलेत. मे महिन्यात! त्यांच्या मुलाची पाठ भाजली."

मी आणखी सहा घरं फिरले. एका घरी पाण्याची मोटर गच्चीवरची टाकी वाहेपर्यंत चालवून ते पाणी पुन्हा विहिरीत सोडत होते. 'रेन वॉटर हार्वेस्टिंग' असं त्यांनी मला सांगितलं. पाऊस लागायला अजून महिना होता. एका घरात दोन फ्रिज चालू होते, एक रिकामा. पर्यावरण वाचवण्यासाठी डहाणूने एका महिन्यात जेवढी वीज जाळली तेवढी, मला वाटतं, लग्नसराईतही जळत नसेल.

मी जयेशभाईंकडे गेले. ते खूश होते. "बेन, लोकांमध्ये केवढी जागृती! दोन एसी तर स्पर्धेमुळे गेले."

"अहो, ते मूळ वाढवायला घेतलेत."

"ते त्यांचं. आपण वजाबाकी करायची."

मग जून आला. ढग आले, उकाडा उतरला, आणि चाळीसच्या चाळीस घरं एका आठवड्यात पर्यावरणप्रेमी झाली. हेही माझ्या सुबक पानाला सुचलं नव्हतं. मेमधून जून वजा केला तर बाकी येते ती ऋतूची.

झरीला उलट झालं. ढगाने दिवसा अंधारून आलं, की कुडाच्या घरात सुईत दोरा दिसत नाही. गणवेश तर शिवायचे होते. जमनाबाईंनी मशीनवर एक बल्ब लावला. मेचा त्यांचा वापर नऊ युनिटं, जूनचा दहा.

निकालाचा तक्ता मी स्वतः केला. पहिला क्रमांक, किनाऱ्यावर झाईच्या रस्त्याला असलेला कर्णिक साहेबांचा बंगला. साहेब मुंबईचे. मेच्या सुट्टीत बारा माणसं, पाच एसी, पोहण्याच्या तलावाचा पंप. जूनमध्ये समुद्र खवळतो म्हणून ते कोणी येत नाहीत. बंगला बंद. राखणदार बाहेरच्या खोलीत. बचत, शंभराला दोन कमी. सावे सर चौथे. राऊत सातवे. एकेचाळिसाव्या क्रमांकावर, तळाला, जमनाबाई. बचत : उणे अकरा टक्के. दोन तालुक्यांत वीज वाढवणारं एकमेव घर.

तक्ता घेऊन मी मंडळाच्या बैठकीला गेले. म्हटलं, "कर्णिकांचं घर बंद होतं. बंद घराला बक्षीस कसं देणार?"

जयेशभाईंनी चष्मा लावला आणि नियमांचं पान मागवलं. "बेन, यात घर उघडं पाहिजे असं लिहिलंय?"

"नाही."

"माणसं राहत असली पाहिजेत, असं?"

"नाही."

"हे लिहिलं कोणी?"

"मी."

ते वाईट माणूस नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "मला पण त्या झरीवाल्या बाईचं वाईट वाटते. पण बघा, उणे आलेल्या माणसाला पहिलं कसं करणार? लोक काय बोलतील? बॅनर पण छापून आला."

मी पेन काढलं आणि सही केली. नियम म्हणजे नियम असं त्या वेळी मनात म्हटलं. आता म्हणत नाही.

बक्षीस समारंभाला कर्णिक साहेब आले. गाडी बाहेर चालू ठेवली होती, परत बसायला थंड राहावी म्हणून. माइकवर म्हणाले, "सस्टेनेबिलिटी आमच्यासाठी स्पर्धा नाही, ती आमची लाइफस्टाइल आहे. आपण निसर्गाला कमी त्रास द्यायला हवा." एवढं खरं होतं. जूनभर त्यांनी निसर्गाला जराही त्रास दिला नव्हता. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "या संचाचं काय करायचं? छतावर आमचं मोठं सोलर आहेच." माझ्या तोंडात झरीचा पत्ता आलाच होता, तेवढ्यात त्यांच्या बाईसाहेब म्हणाल्या, "गेटवर दोन दिवे लावू या ना, नावाच्या पाटीवर. बक्षिसाचे आहेत." ते दिवे लागले. बटण कुलपाच्या आत आहे, म्हणून ते दिवसाही चालू असतात.

सहभागाची प्रमाणपत्रं वाटायचं कामही माझंच. जमनाबाईंचं घेऊन मी झरीला गेले. जाड कागद, प्लास्टिक चढवलेलं, कडेला हिरवी पानं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि क्रमांक विचारला. मी खोटं बोलत नाही. सांगितलं. उणेचा अर्थही सांगितला.

त्यांनी प्रमाणपत्र मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे आधी उधळायचं, मग आवरायचं, अन् मग बक्षीस. असंच ना?"

"असंच झालं."

"मग तसं सांगायचं ना ताई! मी मे महिन्यात बल्ब लावून दारात बसले असते. आम्हाला उधळायचं शिकवलंच नाय कोनी." आणि प्रमाणपत्र तोंडाजवळ हलवून म्हणाल्या, "वारा बरा येतो हो याचा. युनिट पण लागत नाय. लिहा तुमच्या वहीत."

पंधरा ऑगस्टपर्यंत त्यांचे एकसष्ट जोड झाले. उरलेले एकोणपन्नास शाळेने गावातल्या दुकानातून घेतले. यंदा सगळेच दुकानातून घेतले.

या वर्षी एप्रिलमध्ये जयेशभाईंनी पुन्हा नियम मागितले. मी एका ओळीचे दिले : 'परीक्षकाने मे महिन्यातली एक दुपार त्या घरात पंखा न लावता बसून काढावी आणि मग बोलावं.' त्यांनी ओळ दोनदा वाचली. "बेन, मग तर एक पण मेंबर नाव देणार नाही," असं म्हणाले. दिलंही नाही. मंडळाने यंदा क्रिकेटचे सामने भरवले. प्रकाशझोतात.

पण ओळ लिहिली होती म्हणून ती पाळायला हवी होती, निदान लिहिणारीने. मे महिन्यात एका दुपारी मी झरीला जाऊन जमनाबाईंच्या घरात बसले. बारा ते तीन. घाम आला नाही असं म्हणत नाही, पण डुलकी लागली. शेळ्या बाहेर भिंतीला टेकून होत्या. मागे मशीन चालू होतं. गणवेश नव्हते, शेजारणीचा ब्लाउज होता.

जागी झाले तेव्हा जमनाबाई म्हणाल्या, "झाली तपासणी? पंखा नसला तर कसं वाटतं ते बघितलंत. आता इथे बसा." आणि मशीनवरून उठल्या.

"मला शिवता येत नाही."

"शिवू नका. नुसतं चालवा. कापड मी धरते."

मी बसले. पायटा दाबला. चाक आधी उलटं फिरलं, दोरा तुटला, त्या हसल्या. मग जमलं. एक बाही होईपर्यंत माझ्या पोटरीत गोळा आला. मी चपला काढल्या, पाय बदलला, पुन्हा चालवलं. दुसरी बाही अर्धी झाल्यावर मी थांबले.

"एकसष्ट जोड केले मी," त्या म्हणाल्या. "उजवा पाय सुजला की डाव्याने. डावा दमला की जरा वेळ बसायचं, परत."

मी वही काढली, त्यांच्या घराचं डावं पान उघडलं. 'ऊर्जेचा स्रोत' या रकान्यात माझ्या सुवाच्य अक्षरात 'नाही' असं लिहिलेलं होतं. ते खोडलं. वहीत खाडाखोड मला आवडत नाही, पण खोडलं, आणि वर लिहिलं : जमनाबाईंचा पाय. उजवा सुजलेला. सध्या डावा.